मौलाना रूमी : कवी की तत्त्वज्ञ?

मौलाना जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) यांना स्वतंत्र तत्त्वज्ञ म्हणावे काय, हा वाद उर्दूत जुना आहे. अल्लामा शिबली नोमानी यांनी ‘सवानेह मौलाना रूम’मध्ये मसनवीला इल्मे-कलामचा, म्हणजे धर्मतत्त्वांच्या तर्कशुद्ध चर्चेचा ग्रंथ ठरवले. इथवर ठीक. पण त्यांनी मसनवीत गुरुत्वाकर्षण आणि उत्क्रांतीही शोधून दाखवली, ते मला पटत नाही. न्यूटन-डार्विनची साक्ष काढून पूर्वजांना मोठे करण्याची खोड आपल्यात आजही आहे. असे मोठेपण उधारीचेच.

उलट बाजूचे म्हणणे असे, की मौलानांच्या कथा जुन्याच आहेत आणि विचारांची शिस्तबद्ध मांडणीही नाही. हे खरेच आहे. त्याच कोन्या शहरात सदरुद्दीन कूनवी पद्धतशीर तत्त्वज्ञान लिहीत होते; मौलाना मात्र एका गोष्टीतून दुसरीत शिरतात. पण उसन्या गोष्टीचे त्यांनी काय केले, हे कोण पाहतो?

हत्तीची गोष्ट घ्या. बौद्धांच्या ‘उदान’मध्ये हत्तीला चाचपणारे जन्मांध आहेत. इमाम गझालींकडे आंधळेच, सनाईंच्या ‘हदीका’त तर सारे शहरच आंधळे. मराठीतही आपण मुलांना ‘आंधळे आणि हत्ती’च सांगतो. मसनवीच्या तिसऱ्या दफ्तरात मात्र एकही आंधळा नाही! हिंदुस्थानी लोकांनी हत्ती दाखवायला आणला आहे, पाहणारे डोळस आहेत, फक्त घरात अंधार आहे. कुणाच्या हाताला सोंड लागते, कुणाच्या कानाला पंखा समजले जाते. प्रत्येकाजवळ मेणबत्ती असती तर भांडण मिटले असते, असे मौलाना सुचवतात.

हा बदल किरकोळ नाही. माणूस आंधळा असेल तर सत्य त्याच्या आवाक्याबाहेरच राहिले. डोळसाने त्याला हसावे, एवढेच. घर अंधारे असेल तर दोष परिस्थितीचा आहे आणि तो दूर करता येतो. पुढे मौलाना इंद्रियांच्या दृष्टीलाच तळहाताची उपमा देतात, कारण तळहात एका वेळी सगळा हत्ती कवळू शकत नाही. ज्ञान कसे होते आणि कुठे अडते, याविषयीचा हा नवा विचार आहे. एवढ्यापुरते मी त्यांना निःसंकोच स्वतंत्र तत्त्वज्ञ म्हणेन.

प्रश्न उरतो मेणबत्तीचा. ती कुठून आणायची, हे मौलाना युक्तिवादाने सिद्ध करीत नाहीत. मुर्शिद आणि इश्क यांच्याकडे बोट दाखवतात. इब्ने सीनांनी इथे हुज्जत घातली असती, आणि ती रास्त ठरली असती.