लूथरची लघु प्रश्नोत्तरावली : घरातून वर्गात गेलेला ग्रंथ

मार्टिन लूथरची 'लघु प्रश्नोत्तरावली' आपल्यापैकी बहुतेकांस दृढीकरणाच्या वर्गातून ठाऊक झालेली असते. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांवरील प्रश्न आणि त्यांची तोंडपाठ उत्तरे, एवढीच तिची ओळख उरते. ग्रंथ म्हणून ती क्वचितच वाचली जाते आणि त्यामुळे तिचे गुणदोषही क्वचितच पाहिले जातात. हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी, जेथे पुष्कळ घरांची भाषा एक व मंडळीची दुसरी आहे, तेथे ती नव्याने वाचण्यास सबळ कारण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी करताना लूथरला सामान्य लोकांचेच नव्हे, तर कित्येक पाळकांचेही अज्ञान दिसून आले. त्यानंतर १५२९ च्या आरंभी या मजकुराचे भाग भिंतीवर टांगावयाच्या तक्त्यांच्या रूपाने छापले गेले. पुस्तक त्याच वर्षी मागाहून निघाले. कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांस साध्या रीतीने शिकवावे, असा निर्देश मथळ्यांतून पुनःपुन्हा येतो. म्हणजे या ग्रंथाचे मूळ स्थान घराची भिंत होय, शाळेचे दप्तर नव्हे.

हे ध्यानात घेतले की त्याची शैली उलगडते. मतांगीकाराच्या पहिल्या कलमाचा अर्थ सांगताना लूथर आकाश-पाताळाच्या वर्णनात रमत नाही. कपडे, जोडे, अन्न, घर, शेत, गुरेढोरे यांची नावे घेतो. रोजच्या भाकरीच्या विनंतीत तर चांगले शासन, अनुकूल हवामान व विश्वासू शेजारीही येतात. ईश्वरविज्ञानाचा एवढा मोठा सिद्धांत घरगुती वस्तूंच्या यादीत बसविणे सोपे नाही. माझ्या मते या लहानशा ग्रंथाचे सर्वांत मोठे यश येथेच आहे.

परंतु ज्या भागात ही घरगुती वृत्ती पूर्णत्वास जाते, तोच आपण गाळतो. मुख्य प्रश्नोत्तरांनंतर सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना, जेवणाच्या प्रार्थना आणि निरनिराळ्या स्थितींतील माणसांच्या कर्तव्यांचा तक्ता आहे. सकाळी प्रार्थना करून आनंदाने कामास लागावे, रात्री प्रार्थना करून निश्चिंतपणे निजावे, असे लूथर सांगतो. परीक्षेत हे कोणी विचारीत नाही. म्हणून ते शिकविलेही जात नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. १८१५ साली स्थापन झालेल्या बासेल मिशनचे कार्य धारवाडात १८३७ मध्ये व हुबळीत १८३९ मध्ये सुरू झाले. हे मिशन काटेकोर अर्थाने लूथरन नव्हते. वुर्टेम्बर्गचे लूथरन व स्वित्झर्लंडचे रिफॉर्म्ड त्यात एकत्र आले होते. तथापि घरगुती भक्तीचा लूथरचा वारसा त्या मिशनऱ्यांसोबत येथे आला. त्यांनी कन्नड आपलीशी केली. मंगळूरचा छापखाना १८४१ चा. किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ चा. साहजिकच त्या परंपरेच्या मंडळ्यांत उपासना कन्नडमध्ये रुजली. ते योग्यच झाले. पण धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मराठी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. (घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, हे धारवाडकरांस सांगावयास नको.) अशा ख्रिस्ती घरातील मूल मंडळीत कन्नडमध्ये प्रार्थना करते, आणि घरी मराठीत प्रार्थना करावयास त्याला कोणी शिकविलेलेच नसते. ती जबाबदारी वर्गाची नाही, असे वर्ग समजतो. घराला ती आपली वाटत नाही.

लूथरला भाषेचा प्रश्न अपरिचित नव्हता. १५२६ च्या जर्मन उपासनापद्धतीच्या प्रस्तावनेत तो लॅटिन उपासना टाकून देत नाही. तिच्या शेजारी जर्मन उपासना ठेवतो, आणि मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांच्या घरातील मेळाव्याचाही विचार करतो. त्यासाठी आपल्यापाशी अद्याप माणसे नाहीत, अशी कबुलीही देतो. ही कबुली वाचताना कोणत्या पाळकास आपली मंडळी आठवणार नाही?

मात्र कर्तव्यांचा तक्ता जसाच्या तसा घेता येणार नाही. धन्यांनी धमकावू नये असे त्यात शास्त्रवचनाच्या आधारे आहे खरे. परंतु सेवकाने आपल्या जागी राहून आज्ञा पाळावी, हाच सूर प्रबळ आहे. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावाविरुद्ध लूथरने जे कठोर लिहिले, ते विसरून हा तक्ता वाचणे प्रामाणिकपणाचे नव्हे. आपल्या देशात तर धोका दुप्पट आहे. लूथरच्या 'पाचारणा'चा अर्थ कोणी 'जन्माने आलेला धंदा' असा लावला, तर सुवार्तेच्या नावाने जातीस आधार मिळेल. जात ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. खुद्द लूथर पित्याच्या इच्छेविरुद्ध कायद्याचे शिक्षण सोडून १५०५ मध्ये मठात गेला व पुढे तोही सोडून संसारी झाला. पाचारण म्हणजे जन्मस्थान नव्हे, याला त्याचेच जीवन साक्षी आहे. बासेल मिशननेही धर्मांतरामुळे उपजीविका गमावलेल्यांसाठी मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्याने लोक जगले. पण पोशिंदा व पाळक एकाच संस्थेत आल्याने, पाचारण म्हणजे मिशनची नोकरी, असा समज होण्यास वावही मिळाला.

दुसरा दोष कुटुंबप्रमुखाच्या कल्पनेत आहे. शिकविणारा पिता रोज ताटावर हजर असेल, असे ग्रंथ गृहीत धरतो. हुबळीच्या रेल्वे कारखान्याच्या व रुग्णालयांच्या शहरात ते धरता येत नाही. रात्रपाळी करून पहाटे परतणारी परिचारिका संध्याकाळची प्रार्थना सूर्योदयाला म्हणेल, आणि तेव्हा तिची मुले शाळेस निघालेली असतील. तिच्या घरी प्रार्थना कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत चालवावी, हे उपदेशकाने दृढीकरणाच्या वर्गात बसून ठरविता येणार नाही. त्याने तिच्या घरी जावे, घरच्यांशी बोलून त्यांच्या वेळा व भाषा विचारून घ्याव्यात, आणि तेथील भिंतीवर लावावयाचा तक्ता त्यांच्याच हातून लिहवून घ्यावा.