परंपरा, प्रयोग आणि प्रेक्षक : ‘काळ्या पीट’चा प्रश्न

जुन्या कलाकृतीतील एखादी प्रतिमा नंतरच्या काळाला अपमानकारक वाटू लागली, तर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. त्याचे एक रूढ उत्तरही समीक्षेने तयार ठेवलेले आहे. कृती तिच्या काळाच्या चौकटीत ठेवून वाचावी, तिच्यातील दूषित अंश ओळखावा आणि तो त्या काळाचा पुरावा मानावा, असे ते उत्तर. लिखित संहितेच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी समाधानकारक ठरते. परंतु ती प्रतिमा ग्रंथात नसून उत्सवात असेल, आणि दरवर्षी जिवंत माणसे आपले चेहरे रंगवून ती नव्याने उभी करीत असतील, तर हेच उत्तर पुरते का? नेदरलँड्समधील ‘झ्वार्टे पीट’ म्हणजे ‘काळा पीट’ ह्या पात्राभोवती उठलेला वाद ह्या प्रश्नाची मांडणी करण्यास विशेष उपयुक्त आहे.

नोव्हेंबरच्या मध्याला सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, स्पेनहून बोटीने येतो अशी ह्या उत्सवाची कल्पना आहे. लाल झगा, बिशपचा उंच मुकुट, हातात दंड आणि खाली पांढरा घोडा, असे त्याचे रूप. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटवस्तू मिळतात. संताबरोबर त्याचा सेवक असतो, आणि पुढेपुढे तर अनेक सेवक. भडक रंगांचा जुन्या दरबारी हुजऱ्याचा पोशाख, काळा रंगवलेला चेहरा, जाड लाल ओठ, कुरळ्या केसांचा टोप आणि कानात सोनेरी कडी ही त्याची रूढ चिन्हे. तो मिठाई उधळतो, कोलांट्या मारतो, मुलांना हसवतो. एके काळी तो त्यांना घाबरवीतही असे. खोडकर मुलाला पोत्यात घालून स्पेनला नेण्याचे काम त्याचेच होते.

ह्या पात्राचे आजचे रूप फार प्राचीन नाही. यान स्खेन्कमान ह्या अ‍ॅमस्टरडॅममधील शिक्षकाने १८५० मध्ये संत निकोलस आणि त्याचा सेवक ह्यांच्यावर मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. वाफेच्या बोटीतून येणारा संत आणि त्याच्याबरोबरचा काळा सेवक ही जोडी रूढ होण्यात ह्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. त्यात सेवकाला नाव नाही. ‘पीट’ हे नाव पुढे स्थिरावले. पुस्तक निघाले तेव्हा सुरिनाम आणि कॅरिबियन बेटे ह्या डच वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. ती १ जुलै १८६३ रोजी रद्द झाली. त्यानंतरही सुरिनाममधील मुक्त झालेल्यांना सरकारी देखरेखीखाली दहा वर्षे कराराने राबावे लागले.

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर ह्यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ ह्या ग्रंथामुळे अनादी वाटणाऱ्या कित्येक परंपरा अलीकडच्या काळात घडवलेल्या असतात, ही जाणीव अभ्यासकांत रुजली. काळ्या पीटलाही ती लागू पडते. मात्र एवढ्यावर थांबणारा युक्तिवाद अपुरा होय. प्रत्येक परंपरा कधी तरी सुरू झालेली असतेच. पीट दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे हे दाखवल्याने तो त्याज्य ठरत नाही, आणि तो हजार वर्षांचा निघाला असता तरी ग्राह्य ठरला नसता. जन्मतारखेच्या शोधातून एवढेच निष्पन्न होते की हे रूप कोणी तरी, विशिष्ट सत्तासंबंधांच्या काळात घडवले. जे घडवले गेले ते पुन्हा घडवता येते.

परंपरेच्या समर्थकांचे प्रमुख युक्तिवाद दोन आहेत. पहिला असा की पीटचा चेहरा काळा आहे तो धुराड्यातील काजळीमुळे. हे स्पष्टीकरण रूपाच्या साध्या वाचनापुढे टिकत नाही. काजळीने ओठ लाल होत नाहीत, केस कुरळे होत नाहीत, कानात कडी येत नाही. शिवाय धुराड्यातून उतरलेल्या माणसाचा रेशमी पोशाख स्वच्छ राहतो आणि चेहरा तेवढा एकसारखा काळा होतो, हेही अजब आहे. अर्थात हे स्पष्टीकरण निव्वळ खोटेपणाचे म्हणून सोडून देता येणार नाही. चिन्हाच्या मूळ संदर्भाने अस्वस्थ झालेला समाज त्याच चिन्हाला निरुपद्रवी संदर्भ जोडू पाहतो, आणि त्यातूनच ती अस्वस्थता उघड होते.

दुसरा युक्तिवाद हेतूचा. पीटवर मुले प्रेम करतात, त्याचे सोंग घेणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, मग अपमान कोठून आला? ही भावना खोटी नव्हे. असंख्य डच माणसांच्या बालपणातील सर्वांत सुखाची संध्याकाळ ह्या पात्राशी जोडलेली आहे आणि त्यावरील आक्षेप त्यांना आपल्या आईवडिलांवरील आरोपासारखा वाटतो. परंतु कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूत संपत नाही, हे समीक्षेला मान्य आहे. मूळच्या सुरिनामच्या अभ्यासक ग्लोरिया वेकर ह्यांनी ‘व्हाइट इनोसन्स’ ह्या २०१६ च्या ग्रंथात डच समाजाच्या स्वप्रतिमेचे विश्लेषण केले आहे. आपण लहान, न्यायी आणि वंशभेदापासून मुक्त राष्ट्र आहोत ही ती प्रतिमा. सुमारे चारशे वर्षांच्या वसाहतींचा इतिहास नजरेआड ठेवूनच ती टिकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ह्या दृष्टीने ‘निरागसपणा’ ही केवळ मनाची अवस्था उरत नाही. आपण काय पाहावयाचे नाही, ह्याची ती सामाजिक व्यवस्था बनते.

उत्सवातील विडंबनाच्या समर्थनार्थ मिखाईल बाख्तिन ह्यांच्या ‘कार्निव्हल’च्या संकल्पनेचा आधार घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. उत्सवात सारेच उलटेपालटे होते, तेथे गांभीर्याने अपमान शोधू नये, असे म्हणता येईल. पण बाख्तिन ज्या हास्याची महती सांगतात ते श्रेणी उलटवणारे हास्य आहे. तेथे राजाची टोपी विदूषकाच्या डोक्यावर येते. सिंटरक्लासच्या मिरवणुकीत असे काहीच उलटत नाही. गोरा धर्मगुरू घोड्यावर आणि काळा सेवक पायी, हा क्रम वर्षाच्या इतर दिवशी जसा होता तसाच उत्सवातही राहतो, किंबहुना सजवून दाखवला जातो.

येथे भरताचे नाट्यशास्त्र अधिक मार्मिक आधार पुरवते. हास्यरसाच्या विभावांत भरताने विकृत वेष आणि विकृत अलंकार ह्यांचा उल्लेख केला आहे. ‘विकृत’ हा शब्द सापेक्ष आहे. कोणत्या तरी प्रकृतीपासून ढळलेले ते विकृत. तेव्हा काळा चेहरा आणि कुरळे केस हास्याचे कारण होतात ते कोणाची प्रकृती प्रमाण मानल्यामुळे, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याचा चेहरा जन्मतःच काळा आहे अशा मुलाला त्या मिरवणुकीत आपली प्रकृतीच विकृती म्हणून रंगवलेली दिसते.

त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील नाट्योत्पत्तीची कथा तर ह्या वादाच्या थेट गाभ्याशी जाते. पहिला नाट्यप्रयोग इंद्राच्या ध्वजमहोत्सवात होतो. तोही एक उत्सवी प्रयोगच. त्यात देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय दाखवला जातो. प्रेक्षकांत दैत्यही असतात. ते क्षुब्ध होतात, आणि विरूपाक्षाला पुढे करून विघ्ने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती खिळवून टाकतात. इंद्राचा पहिला प्रतिसाद बळाचा असतो. ध्वजाच्या दंडाने तो त्यांना जर्जर करतो. विघ्ने तरीही थांबत नाहीत. मग रक्षणासाठी नाट्यगृह बांधले जाते, आणि शेवटी देवच ब्रह्मदेवाला सामोपचाराचा मार्ग सुचवतात. ब्रह्मदेव विरूपाक्षाला कारण विचारतो. देवांसाठी निर्मिलेल्या ह्या नाट्यात आमचा अवमान आहे, आणि देव व दैत्य दोघांचाही जनक असलेल्या तुम्ही तो करावयास नको होता, असे विरूपाक्ष सांगतो. ह्यावर ब्रह्मदेव ‘हा केवळ खेळ आहे’ असे म्हणत नाही, किंवा परंपरेचाही हवाला देत नाही. नाट्य एका पक्षाचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असे तत्त्व त्याला मांडावे लागते. हा समेट पूर्णपणे न्याय्य होता की नाही, ह्यावर वाद होऊ शकेल. पण भारतीय नाट्यविचाराची सर्वांत व्यापक व्याख्या एका दुखावलेल्या प्रेक्षकाला उत्तर देताना उच्चारली गेली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

काळ्या पीटच्या उत्सवातही विरूपाक्ष प्रेक्षकांत आला. सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाले. त्याच्या आगेमागे तेथील फार मोठी लोकसंख्या नेदरलँड्समध्ये स्थायिक झाली. कॅरिबियन बेटांवरूनही लोक येत राहिले. ज्याचे सोंग घेतले जात होते तो आता मिरवणुकीच्या कडेला आपल्या मुलांना घेऊन उभा होता. आक्षेप पूर्वीही घेतले गेले होते, परंतु नोव्हेंबर २०११ मध्ये डॉर्ड्रेख्टच्या स्वागतसोहळ्यात ‘काळा पीट म्हणजे वंशवाद’ अशा अर्थाचे शब्द छापलेले सदरे घालून आलेल्या क्विन्सी खारियो आणि जेरी आफ्रिये ह्यांना पोलिसांनी अटक केली, आणि वादाला वेगळे वळण लागले. दोघेही कवी होते ही गोष्ट बोलकी आहे. त्यांनी मिरवणुकीत एक प्रतिप्रयोग उभा केला, आणि त्याला मिळालेले पहिले उत्तर इंद्राच्या दंडाचेच होते.

पुढे २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने महापौरांना मिरवणुकीच्या परवानगीचा फेरविचार करण्यास सांगितले. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो निर्णय फिरवला. परवानगी देताना महापौरांनी सार्वजनिक सुव्यवस्था आणि सुरक्षितता पाहावयाची असते, उत्सवाच्या आशयावर निवाडा देणे त्यांच्या अधिकारात नाही, असा त्याचा आशय होता. समर्थकांना हा आपला विजय वाटला. वस्तुतः ह्या निर्णयाने एक महत्त्वाची सीमारेषा स्पष्ट झाली. एखादी गोष्ट करण्याची मुभा असणे आणि ती ग्राह्य असणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. ग्राह्यतेचा निवाडा न्यायालय देत नसेल, तर तो समाजाला आपल्या विवेकाने, म्हणजे एका व्यापक अर्थाने समीक्षेने, द्यावा लागतो.

तो निवाडा सहज झाला नाही. २०१७ मध्ये डॉकमकडे निघालेल्या आंदोलकांच्या बसगाड्या समर्थकांनी महामार्गावर अडवल्या. पुढच्या वर्षी त्यांतील चौतीस जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील राष्ट्रीय स्वागतसोहळ्यात काळ्या रंगाऐवजी गालांवर काजळीचे पट्टे ओढलेले पीट आले. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या निदर्शनांच्या काळात, जून २०२० मध्ये, पूर्वी ह्या परंपरेची पाठराखण केलेले पंतप्रधान मार्क रुट्टे ह्यांनी आपले मत बदलल्याचे संसदेत सांगितले. ह्या पात्रामुळे अपमानित वाटणाऱ्या माणसांना, त्यांत लहान मुलांनाही, आपण भेटलो, हे त्यांनी दिलेले कारण. मात्र सरकारी बंदी त्यांना मान्य नव्हती. १९ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी गुलामगिरीबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर ह्यांनीही.

काजळीचे पट्टे आले तरी उत्सव उरला, ही ह्या साऱ्यातील सर्वांत अर्थपूर्ण घटना होय. बोट आली, घोडा आला, मुलांना मिठाई मिळाली. ‘काळा चेहरा काढला की परंपरा मेली’ हा दावा प्रयोगानेच खोटा ठरवला. गंमत अशी की समर्थकांनी दिलेले काजळीचे स्पष्टीकरण ह्या नव्या रूपाने अक्षरशः स्वीकारले. त्यानंतरही ज्यांना पूर्ण काळा चेहराच हवा होता, त्यांना काजळीपेक्षा वेगळे काही तरी जपावयाचे होते, असा निष्कर्ष निघतो.

येथे संहिता आणि प्रयोग ह्यांतील भेद निर्णायक ठरतो. स्खेन्कमानचे पुस्तक १८५० मध्येच राहते. ते ग्रंथालयात असावे, वाचले जावे, किंबहुना अधिक काळजीपूर्वक वाचले जावे. ते जाळण्याची किंवा त्यातील चित्रे पुसण्याची मागणी समीक्षेने मान्य करण्याचे कारण नाही. तसे केल्यास अपमानाबरोबर अपमानाचा पुरावाही नष्ट होतो. उत्सवाचे मात्र तसे नाही. उत्सवाला भूतकाळ असतो, पण तो स्वतः भूतकाळात नसतो. २०१८ मध्ये रंगवलेला चेहरा २०१८ चाच असतो. तो रंगवणाऱ्याला ‘हे त्या काळचे आहे’ असे म्हणता येत नाही, कारण आरशासमोर तो आजच उभा असतो. काळाची जी सवलत संहितेला देता येते ती प्रयोगाला देता येत नाही. प्रयोग आपल्या समोरच्या प्रेक्षकाला उत्तरदायी असतो, आणि तो प्रेक्षक दर वर्षी नवा असतो.

हा भेद मराठी समीक्षेला परका वाटू नये. ‘सहृदय’ ही संकल्पना दीर्घकाळ एकजिनसी प्रेक्षक गृहीत धरून वापरली गेली. त्या प्रेक्षकाचे हृदय कोणत्या जातीचे, कोणत्या अनुभवाचे, हा प्रश्न दलित साहित्याने विचारला तेव्हा साहित्याविषयीच्या अनेक स्थिर कल्पना हलल्या. जुन्या प्रहसनांतील जातीच्या, प्रांताच्या किंवा बोलीच्या ठरावीक सोंगांबाबतही तोच निकष लावता येईल. ती प्रहसने वाचावीत, अभ्यासावीत. परंतु त्यांचा प्रयोग आज करावयाचा झाल्यास ज्याचे सोंग घेतले आहे तो पहिल्या रांगेत बसला आहे असे समजून करावा. त्याच्यादेखत ते हास्य टिकत असेल तर ते नाट्य होय. त्याला बाहेर ठेवल्याशिवाय जे टिकत नाही, त्याला परंपरेचे वय कितीही मोठे असले तरी तिन्ही लोकांचे अनुकीर्तन म्हणता येणार नाही.