गांधर्व महाविद्यालयाचा जमाखर्च

विष्णु दिगंबर पलुसकरांवरचे आपले लेखन भक्तीत न्हाते आणि हिशेबापाशी अडखळते. १९०१ साली लाहोरला निघालेले गांधर्व महाविद्यालय राजाश्रयापेक्षा लोकाश्रयावर उभे होते. तिकीट लावून केलेल्या जलशांवर, देणग्यांवर. जोडीला छापखाना आला, वाद्यदुरुस्तीचा कारखाना आला. उपदेशक वर्गातले शिष्य रागांबरोबर हा प्रपंचही बघत होते. चरित्रकार त्याला गुरुसेवा म्हणतात. मला ते शिक्षण वाटते, आणि तेही एकत्र घेतलेले. मुंबईची इमारत कर्जापायी गेली खरी. तिथेच बहुतेक चरित्रे हळहळून थांबतात. पण १९३१मध्ये गुरूंच्या निधनानंतर त्याच शिष्यांनी मिळून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. एकट्याच्या डोक्यावरचा भार मंडळाने वाटून घेतला. त्याच्या परीक्षांना मुले आजही बसतात, शुल्क भरून.