शिशाचे शिपाई

एच्. जी. वेल्स यांचें नांव वाचकांस त्यांच्या वैज्ञानिक कादंबऱ्यांमुळें परिचित आहे. परंतु 1913 सालीं त्यांनीं 'लिट्ल वॉर्स' नांवाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें, त्याकडे वाङ्मय म्हणून फारसें कोणी पाहत नाहीं. शिशाचे शिपाई जमिनीवर मांडून लढाई कशी खेळावी, एवढाच त्याचा विषय. जुने शिपाई जमविणारे, ते रंगविणारे व त्यांच्या लढाया लावणारे हौशी लोक त्यास आपल्या पंथाचा आद्यग्रंथ मानतात. आमच्या मतें त्याची योग्यता याहून मोठी आहे. तें बारा वर्षांपासून दीडशें वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या 'अधिक बुद्धिमान' मुलींसाठीं असल्याचें मुखपृष्ठ सांगतें. या शेऱ्याचा समाचार आमच्या वाचकभगिनी घेतीलच.

वेल्सचा खेळ ज्या खेळण्यांवर उभा राहिला, तीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यांतलीं. पूर्वी इंग्लंडांत जर्मनीचे भरीव, जड शिपाई येत. 1893 मध्यें ब्रिटन यांनीं पोकळ शिपाई ओतण्यास आरंभ केला. वितळलेला धातु सांच्यांत ओतावयाचा आणि कडेचा थर गोठतांच आंतला द्रव उलटा करून काढून टाकावयाचा, अशी ही कृति. शिसें कमी लागलें, किंमत उतरली, आणि सुमारें 54 मिलिमीटर उंचीचा, हातानें रंगविलेला शिपाई मध्यमवर्गीयांच्या घरांत शिरला. या पेट्यांत मुंबईचे लान्सर होते, मद्रासचे स्वारही होते. विलायती मुलाच्या खोलींत आपले हे शिपाई कोणाच्या हुकुमानें हालत, हें सांगावयास नकोच! शिवाय लांकडी गोळी खरोखर फेंकणारी कमानीची तोफ मिळूं लागली, आणि एका पाहुण्यानें जेवणानंतर तिचा नेम धरला, तेथून हा खेळ निघाला असें वेल्स सांगतात.

नियम मोजके व कठोर आहेत. पायदळानें एका चालींत एक फूट जावें, घोडेस्वारांनीं दोन. तोफेच्या सहा इंचांच्या आंत चार माणसें नसतील तर ती मुकी. चालीस वेळ ठरलेला: दर 30 माणसांमागें एक मिनिट व प्रत्येक तोफेमागें एक मिनिट. हातघाई झाली तर माणसास माणूस पडतो. तेथें फांशास जागा नाहीं. या वेळेच्या बंधनांतच सारें मर्म आहे. बुद्धिबळाचा खेळाडू हनुवटीवर हात ठेवून विचार करूं शकतो. येथील सेनापति गुडघ्यांवर रांगत, घाम पुसत, एक पलटण विसरून दुसरी पुढें ढकलतो. पराभव बहुधा शत्रूमुळें न होतां या धांदलीमुळें होतो.

यावरून वेल्स असा निष्कर्ष काढतात कीं, हा खेळ तीनचार वेळां खेळलेल्या माणसास खरें युद्ध किती गबाळें व मूर्खपणाचें असलें पाहिजे हें कळून चुकेल. निष्कर्ष उदात्त खरा, पण तो आम्हांस पटत नाहीं. शिशाच्या शिपायामागें विधवा राहत नाहीं. संध्याकाळीं तो पेटींत परत जातो. आणि हाच लेखक परिशिष्टांत आपला खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणास कसा उपयोगी पडेल याची योजना मांडतो! पुढच्याच वर्षी, 1914 मध्यें, महायुद्ध पेटलें आणि 'युद्धाचा अंत करणारें युद्ध' म्हणून वेल्सनीं त्याचा पुरस्कार केला. शांततेचा एवढा पुरस्कर्ता इतक्या लवकर कसा वाहवला, असें कोणी विचारील.

याचें उत्तर पुस्तकांतच आहे, आणि तें देणारें प्रकरण आम्ही सर्वोत्कृष्ट मानतों. हुक्स फार्मच्या लढाईचें वर्णन करतांना लेखक एकाएकीं पालटतो. शाई लागलेलीं बोटें जाऊन राकट पंजा येतो, वांकलेली पाठ ताठ होते, आणि एक बढाईखोर वृद्ध सेनापति आपल्या पराक्रमाची बखर सांगूं लागतो. सेनापतींच्या आत्मचरित्रांचें हें विडंबन आहे खरें. पण विडंबन करणाऱ्यास त्यांत जो आनंद होतो तो लपत नाहीं, आणि तो लपविण्याचा प्रयत्नही त्यानें केलेला नाहीं. सभ्य, सुशिक्षित, शांतताप्रिय गृहस्थाच्या आंत हा म्हातारा सेनापति बसलेला असतो, हें वेल्सच्या साऱ्या युक्तिवादापेक्षां हीं थोडीं पानें अधिक स्पष्ट करतात.

1962 मध्यें डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकानें या खेळास नवें बळ दिलें. 1966 मध्यें ब्रिटनच्या कारखान्यानें पोकळ शिशाचे शिपाई बंद केले, आणि जुन्यांस दुर्मिळतेचें मोल आलें. तेव्हांपासून दोन पक्ष दिसतात. एक उडालेला रंग पुन्हां भरून शिपायास लढाईस उभा करतो. दुसरा मूळ रंगास कुंचला लावणें म्हणजे भ्रष्टाचार मानतो व मूळ पेटीसह शिपाई कपाटांत ठेवतो. इतिहासाचा पुरावा म्हणून दुसऱ्या पक्षाचें म्हणणें रास्त आहे. मात्र कपाट ओकच्या लांकडाचें असेल तर त्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनीं शिशाचें हळूहळू पांढरें पीठ होतें. तुटलेलें डोकें आगकाडीच्या तुकड्यानें मानेंत बसविलेला शिपाई बाजारांत मोलास उतरतो; वेल्सच्या जमिनीवर त्याला पुढच्या चालींत पुरा एक फूट जातां येतें.