अनुच्चारित विनंती

लूकच्या शुभवर्तमानातील (१५:११-३२) उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात क्षमेचा आशय एका खंडित निवेदनात दडलेला आहे. दूरदेशी डुकरे राखणारा मुलगा बापापुढे बोलावयाचे मनाशी जुळवतो: पापाची कबुली, पुत्र म्हणवून घेण्यास आपण अपात्र असल्याचा उच्चार आणि मजूर म्हणून ठेवून घेण्याची विनंती. प्रत्यक्ष भेटीत पहिली दोनच विधाने येतात. तिसऱ्याआधी बाप चाकरांकरवी उत्तम झगा मागवतो. मिठी तर कबुलीच्याही आधीची. मजुरी हा परतफेडीचा प्रस्ताव; तो उच्चारलाच न गेल्याने क्षमा व्यवहाराच्या भाषेबाहेर राहते. सिनायटिकस व व्हॅटिकानस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत मात्र ही विनंती येथेही आढळते. ती मागील मजकुराशी मेळ घालण्यासाठी नकलकारांनी भरली असावी, असे बहुतेक संपादक मानतात. नकलकारांनाही हिशेब पुरा हवा होता!

थोरला मुलगा तोच हिशेब मांडतो: इतकी वर्षे गुलामासारखे राबून करडूही मिळाले नाही. धाकट्याचा उल्लेख तो ‘भाऊ’ असा करीत नाही, बापाचा मुलगा असा करतो; बाप उत्तरात ते नाते त्याला परत देतो. येशूच्या पापी लोकांशी होणाऱ्या सहभोजनावर कुरकुरणारे परूशी व शास्त्री या कथेचे श्रोते आहेत. म्हणूनच थोरला दाराबाहेर उभा राहतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.