वॉरंटचा मुखिया आणि तुंबाडचा खोत

पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडून खेडकडे उतरले की जगबुडीचे खोरे लागते. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) ही दोन खंडांची कादंबरी याच खोऱ्यातली. चिनुआ अचेबे यांच्या 'ॲरो ऑफ गॉड'च्या (१९६४) शेजारी ठेवून ती मी पुन्हा वाचली, तेव्हा तिच्यातली एक उणीव ठळक जाणवली.

अचेबेंची कादंबरी नायजेरियातल्या इग्बो मुलखात घडते. तिथल्या बहुतेक गावांना राजा नव्हता. गावकी बसून निर्णय घेई. पश्चिमेकडच्या योरुबांना राजे होते, पण ओयोच्या आलाफिनलाही 'ओयो मेसी' हे सरदारमंडळ नाकारू शके. इंग्रजांना स्थानिक मुखियामार्फत कारभार हाकायचा होता. योरुबांत राजा आयता मिळाला; त्याच्यावरचा वचक तेवढा सैल झाला. इग्बोंत मुखियाच नव्हता, म्हणून वॉरंट देऊन तो तयार केला. अचेबेंचा एझेउलू हा पुजारी ते पद नाकारतो आणि अटकेत पडतो. पुढे १९२९ साली कराच्या धास्तीने तिथल्या बायका या मुखियांवर उठल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक बळी गेले.

कोकणातला खोत असा कागदातून जन्मलेला नाही. तो इंग्रजांच्या आधीचा. १८८०च्या खोती कायद्याने त्याचे हक्क कायद्यात बसवले, इतकेच. हा फरक पुसून दोघांना एका दावणीला बांधणे मला मान्य नाही. तरी वसुली करणारा गावाला कमी आणि कचेरीला जास्त बांधलेला, ही गत दोन्हीकडची.

पेंडशांनी वाड्याची पडझड विलक्षण ताकदीने रंगवली आहे. पण ती बव्हंशी आतून होते: रग, व्यसन, भाऊबंदकी. कुळे दिसतात ती ओटीवरून दिसावीत तशी. खोताला 'नाही' म्हणणारा माणूस कादंबरीचा कणा होत नाही. प्रत्यक्षात तो होता. घाटाच्या अलीकडे महाडला १९२७चा सत्याग्रह झाला. १७ सप्टेंबर १९३७ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ला कोकणचे शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. कायद्याने खोती गेली ती १९४९मध्ये.

अचेबेंनाही मी सगळेच गुण देणार नाही. एझेउलूच्या घरातल्या बायका रांधतात, भांडतात, गोष्टी सांगतात. सत्तेच्या प्रश्नावर मात्र पुरुषच बोलतात. १९२९च्या बायका त्यांच्यातूनच उठल्या असतील, याची चाहूल त्या पानांत फारशी लागत नाही.