फितुरालाही कारण असते

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यावरून दोन वाद गाजले. पहिला ट्रेलर आल्याबरोबर: शंभूराजे लेझीम खेळताना दाखवलेच कसे? दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला. दुसरा प्रदर्शनानंतरचा. गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, शंभर कोटींच्या दाव्याची भाषा झाली, आणि आपण आडनाव घेतलेलेच नाही असे सांगत उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. इतक्या गदारोळात ‘गणोजीने असे का केले असेल?’ हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही. याउलट, २०१६च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये बॅटमॅन सुपरमॅनला मारायच्या बेतात असताना ‘मार्था’ हे नाव ऐकून थांबतो. दोघांच्याही आईचे नाव तेच. एवढ्याने कुणाचे मन पालटते का, यावर चाहते वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर आले. भांडण पोरकट म्हणा हवे तर, पण ते हेतूचे होते. आपले भांडण मानापमानाचे असते. दोष प्रेक्षकाचा नाही, पटकथेचा आहे. जिथे पात्राला कारणच दिलेले नसते, तिथे प्रेक्षकाच्या हाती त्याचे आडनाव तेवढे उरते.

‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘तान्हाजी’ (२०२०), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (२०२२) अशी ऐतिहासिक चित्रपटांची रांगच गेल्या काही वर्षांत लागली. गनिमी काव्याचे तपशील, गडकोट, पोशाख यांत काहींनी मेहनत घेतली आहे, हे नाकारता येत नाही. पण पात्ररचना सुपरहिरोपटाचीच. नायक पहिल्या चौकटीपासून पूर्ण घडलेला. ‘छावा’त तर तो सुरुवातीलाच सिंहाचा जबडा फाडतो. खलनायक जन्मतः क्रूर. आणि फितूर म्हणजे तिरकी नजर व पार्श्वसंगीतातला एक कुजका सूर. वतन आलेच तर लाच म्हणून येते.

वतन ही लाच नव्हती. देशमुखाचा वसुलातला वंशपरंपरागत हिस्सा, इनाम जमीन, न्यायनिवाड्यातला अधिकार, सणावारी पहिला मान, हे सारे त्यात येई. निजामशाही बुडाली, आदिलशाही आली, वतन मात्र चालू राहिले. राजा आज आहे, उद्या नाही. वतन पणजोबाचे आहे आणि पणतूचे असणार, या हिशेबाने माणसे जगत होती. शिवाजी महाराजांनी या वतनदारांना वेसण घातली, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर त्यांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंदच म्हटले आहे. गणोजी महाराजांचे जावई आणि येसूबाईंचे भाऊ. त्यांच्या आणि छत्रपतींच्या मध्ये दाभोळच्या वतनाचा प्रश्न लोंबकळत होता. संगमेश्वरला संभाजीराजांना झालेल्या अटकेत गणोजींचा हात कितपत होता यावर इतिहासकारांत एकमत नाही. पण हात होता असे धरून चित्रपट काढायचा, तर हा लोंबकळता प्रश्न हेच त्याचे नाट्य आहे. मेहुण्याचा हक्क आणि राजाचे धोरण एकाच घरात समोरासमोर! असा प्रसंग हाताशी असताना पटकथाकाराला कपटी हसू का सुचावे?

धाराशिव जिल्ह्यात हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. १६५९ साली अफझलखान विजापूरहून निघून तुळजापुरावर आला. त्याने भवानीची मूर्ती फोडून जात्यात भरडली असे सभासद बखर सांगते. मूर्ती आधीच हलवली होती असे परंपरा सांगते. महाराजांना चिडवून डोंगरातून मोकळ्या मैदानात ओढायचे हा त्यामागचा डाव असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे. म्हणजे खानालासुद्धा हेतू आहे, निव्वळ राक्षसीपणा नाही. पण खरा कोड्याचा भाग पुढेच आहे. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. मंबाजी भोसले तर महाराजांचेच भाऊबंद, आणि भोसल्यांची कुलस्वामिनी कोण, हे तुळजापुरात सांगायला नको. आपल्या कुलदेवतेच्या गावात हे घडल्यावरही ही माणसे खानाबरोबर वाई, जावळीपर्यंत का गेली? पडद्यावर तुळजापूरचा प्रसंग हमखास संताप उसळवण्यासाठी येतो. त्या गर्दीत घोड्यावर बसलेल्या एखाद्या मराठा सरदाराच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबावा, असे मात्र कुणाला वाटत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला: फितुराला कारण द्याल तर फितुरीचे समर्थन होईल. वस्तुस्थिती उलटी आहे. खानाच्या स्वारीच्या वेळी मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने गेली: खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी जेधे आपले फर्मान घेऊन मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. जेध्यांच्याच रोहिड खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे त्यांचा एक हात आणि एक पाय तोडला गेला. खोपड्यांना नुसते नीच दाखवले तर जेध्यांनी सोडले ते काय? किरकोळ आमिष. वतन किती मोलाचे होते हे आधी खोपड्यांच्या तोंडून कळले, तरच जेध्यांच्या ओंजळीतल्या पाण्याला वजन येते.

दुसरा आक्षेप बाजाराचा: कोट्यवधी रुपये गुंतवलेल्या चित्रपटाला गुंतागुंत परवडत नाही, आणि लोक दैवताचे दर्शन घ्यायला येतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात ‘हर हर महादेव’चा खेळ बंद पाडला गेला, तेव्हा निर्मात्याची भीती काल्पनिक म्हणता येत नाही. तरी ती भीती त्याला वाचवत नाही, हे ‘छावा’नेच दाखवले, सरळसोट फितूर रंगवूनही माफी मागावी लागलीच. आणि मराठी प्रेक्षकाला गुंतागुंत पेलत नाही म्हणावे, तर वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ सालचे आहे. बाप आणि मुलगा, दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि तरी दुखावलेले, हे त्या नाटकात लोकांनी डोक्यावर घेतले. त्याहून मागे जा. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या. त्यात खान आणि महाराज एकमेकांच्या कुळाचा उद्धार करतात. खानाला तिथे तोंड आहे, त्याची बाजू आहे, मग ती कितीही उर्मट असो. गोंधळी शाहीर जे करू शकला ते आजच्या तंत्राला का जमू नये?

सर्वांत मोठी पळवाट मात्र नायकाबाबतच आहे. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि सुमारे वर्षभराने परतले. मराठी इतिहासातला हेतूचा याहून बिकट प्रश्न नसेल. वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांच्यापासून अभ्यासकांनी या काळाची छाननी केली आहे. शिवाजी सावंतांच्या ज्या कादंबरीवर ‘छावा’ बेतला आहे, तीही हा भाग टाळत नाही. चित्रपट बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून सुरू होतो, म्हणजे ते वर्ष सरल्यानंतर. राजांचा अपमान टाळण्यासाठी हे केले असेल, तर त्यात त्यांच्यावरचा अविश्वासच दिसतो. चुकलेला, परतलेला आणि पुढे नऊ वर्षे झुंजलेला राजा हा कधीच न चुकलेल्या राजापेक्षा मोठा असतो, हे निर्मात्यांना पटत नाही.

१६८९ नंतर राजाराम महाराजांना सरदार टिकवण्यासाठी पुन्हा वतने द्यावी लागली, कारण औरंगजेबही तेच देऊ करत होता. या विषयावर एकही मोठा मराठी चित्रपट निघालेला नाही.